चिकन ताजं होतं, तरी पोट बिघडलं

(दुबईतल्या एका लेबर कॅम्पच्या मेस हॉलमध्ये रविवारी दुपारी मराठी कामगारांपुढे केलेलं बोलणं. लिहून काढताना थोडं नीटनेटकं केलं आहे.)

सगळ्यांची जेवणं झाली ना? बरं झालं. आज विषय जेवणाचाच आहे, आणि उपाशीपोटी माझं बोलणं कुणी ऐकून घेतलं नसतं.

मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला साइट सुपरवायझर आहे. पण उन्हाळ्यात माणसं का कमी आली, याचा हिशोब रोज सकाळी मलाच द्यावा लागतो. त्यात ताप कमी आणि पोटच जास्त असतं. म्हणून मटण, चिकन, मासे कसे ओळखायचे हे सांगतो. आणि त्याच्यापुढची एक गोष्ट सांगतो, ती जास्त महत्त्वाची आहे.

आधी बाजार.

कोकणातली पोरं इथे बसली आहेत, त्यांना मी मासे शिकवायला नको. तरी बाकीच्यांसाठी सांगतो. माशाचे कल्ले उचलून बघायचे. लाल असले, ओलसर असले तर मासा ताजा. तपकिरी, चिकट असले तर सोडून द्या. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, आत गेलेला आणि दुधाळ नको. अंगठ्याने दाबलं की खळगा लगेच भरून आला पाहिजे. वासाला समुद्राचा वास चालतो, उग्र नाकात जाणारा वास चालत नाही. देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटला जा नाहीतर कोपऱ्यावरच्या ग्रोसरीत, बांगडा असो की सुरमई, परीक्षा हीच. मासा बर्फात पुरलेला हवा. बर्फावर नुसता सजवून ठेवलेला असेल तर त्याचा वरचा भाग तापतच असतो.

चिकन. कातडी पांढरी की पिवळसर, यावरून ताजेपणा कळत नाही. कोंबडीने काय खाल्लं त्यावर तो रंग असतो. हात लावून बघा. ताजं चिकन ओलसर लागतं, पण बोटाला तार सुटत नाही. बुळबुळीत, चिकट झालं, करडा किंवा हिरवट रंग आला, आंबूस वास आला, तर ते गेलं. मीठ-हळद लावून, लिंबू पिळून, जास्त मसाला घालून ते परत येत नाही. वास झाकला जातो, एवढंच.

मटण आणि बीफ. लाल रंग म्हणजे ताजं आणि काळपट म्हणजे शिळं, असं सरसकट नसतं. हवा काढून बंद केलेल्या पाकिटातलं मांस जांभळट दिसतं. पाकीट उघडून थोडा वेळ ठेवलं की हवा लागून लाल होतं. तेच मांस फ्रिजमध्ये एखादा दिवस राहिलं की वरून तपकिरी होतं. नुसत्या तेवढ्यावरून फेकू नका. तपकिरीबरोबर चिकटपणा आणि वास आला, तर मात्र विचार करत बसू नका. पाकीट उघडल्याबरोबर थोडा कोंदट वास येतो, तो दोन-चार मिनिटांत जातो. गेला नाही तर मांस खराब.

खिम्याची काळजी जास्त घ्या. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात. खिमा केला की वरचं आत जातं. म्हणून खिमा आणला त्याच दिवशी शिजवायचा, आणि आतपर्यंत शिजवायचा.

फ्रोझन. आपल्यातले बरेच जण फ्रोझन चिकनच घेतात, स्वस्त पडतं. त्यात वाईट काही नाही. फक्त पाकीट हातात घेऊन बघा. तुकडे एकमेकांना चिकटून एक गोळा झालाय का? तळाशी लाल पाणी गोठलंय का? पाकिटात बर्फाचे मोठे खडे आहेत का? तसं असेल तर ते मधे कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेलं असण्याची शक्यता आहे. दुसरं पाकीट घ्या. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. वितळलं की उठतात.

तारीख बघा. काही पाकिटांवर आकडे अरबीत असतात. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसतं टिंब. अरबी सहा इंग्रजी सातासारखा. अरबी सात म्हणजे इंग्रजी व्ही, आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. एवढं पाठ केलं तरी बरंच कळतं. दोन तारखा असतात, पहिली बनवल्याची, दुसरी संपल्याची. दुकानदाराने वर दुसरं स्टिकर चिकटवलं असेल तर ते पाकीट घेऊ नका.

आणि कॅम्पच्या गेटबाहेर गाडीच्या डिकीतून जे चिकन, जे मासे विकतात, ते घेऊ नका. दोन दिरहम वाचतात हे मला कळतं. पण त्या डिकीत ते सकाळपासून किती तापलंय हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. उद्या काही झालं तर धरायचं कुणाला? त्याच्याकडे ना लायसन्स ना बिल.

हे झालं बाजाराचं. आता मी म्हटलं ती पुढची गोष्ट.

गेल्या वर्षी जुलैत माझ्या गँगमधले सात जण एकाच दुपारी आजारी पडले. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. एक शटरिंग कारपेंटर तेव्हा स्कॅफोल्डवर होता, त्याला चक्कर आली. बाजूच्याने हार्नेस धरला म्हणून निभावलं. आम्ही मेसवाल्याला विचारलं. त्याने सरळ बिल दाखवलं, चिकन आदल्या संध्याकाळी आलेलं, तारखेतलं, चांगल्या कंपनीचं. वास कुणालाच आला नव्हता. चवही नेहमीचीच. मेसवाला खोटं बोलत नव्हता. चिकन ताजंच होतं.

मग काय झालं? वेळ मोजा. जेवण रात्री दोनला शिजलं. तीनला डबे भरले. साडेचारला बसमध्ये चढले. साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात रचून ठेवले. खाल्ले साडेबाराला, मिडडे ब्रेकमध्ये. म्हणजे शिजल्यापासून साडेदहा तास, आणि त्यातले बरेच तास चाळीसच्या वरच्या उन्हात.

भावांनो, मांस नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बहुतेक वेगळे. नासवणारे वास सोडतात, चिकटपणा आणतात. ते आपल्याला कळतात. आजारी पाडणारे बहुतेक वेळा ना वास देतात, ना रंग बदलतात, ना चव. म्हणून नाक, डोळे आणि बोट यांनी खराब मांस ओळखता येतं, पण सुरक्षित मांस ओळखता येत नाही. वास आला तर फेकायचं, हे बरोबर. पण वास नाही म्हणून खायचं, हे चूक.

हे आपल्याला नवीन नाही. ट्रान्झिट मिक्सर गेटवर आला की आपण काय करतो? काँक्रीटचं तोंड बघून पास करतो का? डिलिव्हरी नोट मागतो. प्लँटवरून किती वाजता निघालं ते बघतो. थर्मामीटर लावतो. वेळ गेली असेल, तापमान जास्त असेल, तर दिसायला कितीही छान असलं तरी गाडी परत. कॉलममध्ये जाणाऱ्या काँक्रीटला आपण दोन प्रश्न विचारतो, वेळ किती आणि तापमान किती. पोटात जाणाऱ्या चिकनला पण तेच दोन विचारा.

आकडे लक्षात ठेवा. पाच अंश आणि साठ अंश. पाचच्या खाली जंतूंची वाढ मंदावते, साठच्या वर थांबते. मधला सगळा धोक्याचा पट्टा. जागतिक आरोग्य संघटना पण हेच सांगते. या पट्ट्यात शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. बाहेर तापमान ३२ च्या वर असेल तर एकच तास. आता आपला उन्हाळा ३२ चा असतो का, तुम्हीच सांगा.

पोषक जागा मिळाली तर जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. सात तासांत एकवीस वेळा दुप्पट होतात. मोबाइलवर करून बघा, एकाचे वीस लाखांच्या वर जातात.

तुम्ही म्हणाल, पुन्हा उकळलं की झालं. इथेच घात होतो. काही जंतू अन्नात विष सोडतात. स्वयंपाक्याच्या हाताला चिरलेलं असेल, पिकलेलं असेल, तिथून जेवणात जातात तो एक प्रकार. भातात असतात तो दुसरा, शिजवूनही त्यांची बीजं राहतात आणि भात कोमट राहिला की उठतात. हे जंतू उकळून मरतील, पण त्यांनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. म्हणून डब्यातला चिकनचा रस्सा जितका धोक्याचा, तितकाच त्याच्या बाजूचा भातही.

मोठ्या डेगीचं पण असंच. शंभर माणसांचं मटण डेगीत तसंच ठेवलं तर मधला भाग रात्रभर कोमट राहतो. शिजताना न मेलेली बीजं तिथे वाढतात. जेवण ठेवायचंच असेल तर उथळ ट्रेमध्ये काढून लवकर गार करायचं आणि फ्रिजमध्ये टाकायचं, नाहीतर साठच्या वर गरम ठेवायचं. मधलं काही नाही.

रूमवर शिजवणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो.

मांस-मच्छी सगळ्यात शेवटी घ्या आणि सरळ रूमवर या. दुकानातून बर्फ मागून घ्या. गोठलेलं चिकन बाथरूमच्या बादलीत दिवसभर ठेवून कामावर जाऊ नका. आदल्या रात्री फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात भांड्यात ठेवा. घाई असेल तर बंद पिशवीत थंड पाण्यात ठेवा, पाणी बदला आणि लगेच शिजवा. कच्चं नेहमी खाली, शिजलेलं वर. कच्च्याचं पाणी दुसऱ्याच्या डब्यात गळता कामा नये. एका फ्रिजवर आठ-दहा जण असले की दार सारखं उघडतं, रबर फाटलेलं असतं. आत थर्मामीटर ठेवून बघा, पाचच्या वर असेल तर कॅम्प बॉसकडे लेखी द्या. कच्चं चिकन फ्रिजमध्ये दोन दिवसांच्या वर ठेवू नका.

चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका. शिंतोडे उडून जंतू बेसिनभर आणि बाजूच्या ताटांवर जातात. धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल तर पातेल्यात, उडू न देता धुवा आणि नंतर जागा साबणाने साफ करा. जंतू पाण्याने मरत नाहीत, शिजवल्याने मरतात. कांदा-कोथिंबीर आधी चिरा, चिकन नंतर. सुरी एकच असते ना रूमवर.

शिजलंय का, हे हाडाजवळ बघा. गुलाबी नको. खात्री हवी असेल तर टोचायचा थर्मामीटर घ्या, जाड तुकड्यात मधे टोचा. ७५ अंश दाखवला की काळजी नको. रूममधल्या सगळ्यांनी मिळून एक घेतला तरी पुरे.

आणि गटारी. आषाढी अमावास्या जुलै-ऑगस्टमध्ये येते, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात. गावाकडे त्या दिवसांत पाऊस असतो, हवा गार असते. इथे सुट्टीच्या दिवशी दुपारी पातेलं चढतं, रात्री उशिरापर्यंत बैठक चालते, आणि उरलेला रस्सा सकाळी चपातीबरोबर. रमजानमध्ये इफ्तारचं उरलेलं सहरीला, तेच. खा, मजा करा, मी कोण अडवणारा. फक्त जेवण झालं की उरलेलं बोलत बसण्याआधी फ्रिजमध्ये टाका. सकाळी पूर्ण उकळी काढूनच खा. रात्रभर ओट्यावर राहिलेलं टाकून द्या. चांगलं अन्न टाकायला आपल्याला जड जातं, पण उन्हात जुलाब होणं त्याहून जड जातं.

ते का, हे नीट ऐका. गावी पोट बिघडलं तर माणूस दोन दिवस घरी झोपतो. इथे तो दांडी पडेल म्हणून कामावर येतो. अंगातलं पाणी आधीच जुलाबाने गेलेलं, उरलेलं घामाने जातं. मग उष्माघात, नाहीतर उंचीवरून पडणं. तसं झालं तर ऑफिसच्या कागदावर अपघात एवढंच लिहिलं जाईल. चिकनचं नाव कुठेच येणार नाही.

म्हणून पोट बिघडलं तर लपवू नका. फोरमनला सांगा, क्लिनिकला जा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट घोट पीत राहा. फार्मसीत ओआरएस मिळतं, तेही चालेल. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी बंद, पाणीही पोटात न टिकणं, शुद्ध हरपणं, यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही. अँब्युलन्सचा नंबर ९९८.

आता हक्काचं. यूएईचा सध्याचा कामगार कायदा २०२१ चा आहे, ३३ नंबरचा. त्यात प्रोबेशन संपलेल्या कामगाराला वर्षात ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा आहे. पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा, बाकीचे बिनपगारी. अट एवढीच, की आजारी पडल्याचं तीन कामाच्या दिवसांत कंपनीला कळवायचं आणि डॉक्टरचा कागद द्यायचा. माझ्या गँगमधल्या सातपैकी चौघांनी कागद घेतला. त्यांचा दिवस कापला होता, तो परत मिळाला. तिघे नुसते झोपून राहिले, त्यांची गैरहजेरी लागली ती लागलीच. म्हणून कागद घ्या.

डब्याचं काय केलं ते पण सांगतो, कारण ते कुठल्याही साइटवर करता येतं. आम्ही भांडायला गेलो नाही. पाच दिवस एका वहीत रोज तीन वेळा लिहिल्या. डबा भरला किती वाजता, साइटवर आला किती वाजता, खाल्ला किती वाजता. खाताना टोचून तापमान घेतलं, तेही लिहिलं. डब्याचा फोटो काढला. खाली सगळ्यांच्या सह्या, एकट्याची नाही. वही सेफ्टी ऑफिसरकडे दिली. मागणी एकच. दुपारचा डबा सकाळी पाचला देऊ नका, साडेअकराला दुसरी फेरी करा, गरम राहणाऱ्या बंद पेट्यांत आणा आणि वर शिजवल्याची वेळ लिहा. आकडे समोर असल्यावर मॅनेजरला "तुमची पोटंच नाजूक" म्हणता येत नाही. तीन आठवडे लागले, पण दुसरी फेरी सुरू झाली.

कंपनीने ऐकलंच नाही तर? दुबईत म्युनिसिपालिटीचा नंबर ८००९००. शारजाला म्युनिसिपालिटी ९९३. अबूधाबीत सरकारी कॉल सेंटर ८००५५५. जेवणाची तक्रार तिथे घेतात. मेस, कॅटरर, ग्रोसरी, कुणाचीही. आपलं नाव पुढे यायला नको असेल तर बोलायला लागतानाच तसं सांगा. बोलायला भाषेची अडचण असेल, किंवा कुणी धमकी देत असेल, तर भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फुकट नंबर आहे, ८००४६३४२. हे सगळे नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाका. आजारी पडल्यावर शोधत बसू नका.

तक्रारीआधी एक करा. संशय आलेल्या डब्यातलं थोडं जेवण स्वच्छ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, वर तारीख-वेळ लिहा, आणि कुणी चुकून खाणार नाही असं बघा. ताटं धुऊन झाल्यावर सांगायला गेलात तर दाखवायला काही उरत नाही.

शेवटी स्वयंपाक्याबद्दल. तो पण आपल्यासारखाच कामगार आहे. रात्री एकला उठतो, भट्टीसमोर उभा राहतो, आणि शिव्या सगळ्या त्यालाच बसतात. वेळ त्याच्या हातात नसते, ती कंत्राट करणाऱ्याच्या हातात असते. त्याला हात कापला तर सुट्टी द्या, ग्लोव्ह्ज द्या, ही मागणी पण आपल्याच वहीत लिहा. त्याचा हात बरा तर आपलं पोट बरं.

उद्या दुपारी डबा उघडला की वास जरूर घ्या. पण त्याच्या आधी झाकणावर वेळ शोधा. नसेल तर विचारा, "कधी शिजलंय?" एकाने विचारलं तर हसतील. चाळीस जणांनी रोज विचारलं तर कुणालातरी उत्तर द्यावंच लागेल.

चला, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. थर्मामीटर इथे टेबलावर ठेवलाय, हातात घेऊन बघा.